‘यांपैकी एकही नसले तरी चालते’

धोडी गुरुजींची आणि माझी ओळख एका तक्रारअर्जामुळे झाली. तो अर्ज मी त्यांच्याच विरुद्ध केलेला होता.

न्यायालयाच्या अभिलेख कक्षात उभे आयुष्य काढून मी निवृत्त झालो, मसोलीस बिऱ्हाड केले आणि तेथील एका लहानशा वाचनालयाचा मानद कार्यवाह झालो. २०१५ साली आम्ही पुस्तकांच्या नोंदी संगणकावर घेण्याचे ठरविले. त्यासाठी जे सॉफ्टवेअर निवडले ते ‘ओपन सोर्स’ म्हणतात त्या जातीचे होते. असे सॉफ्टवेअर कोणा एकाच्या कुलपात नसते. ठिकठिकाणचे लोक ते हौसेने घडवितात आणि कोणीही ते उघडून पाहावे, दुरुस्त करावे, दुसऱ्यास द्यावे, अशी लेखी मुभा त्यासोबतच दिलेली असते. फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल मला उपजत संशय आहे. तेव्हा त्याची मराठी माहितीपुस्तिका मी आरोपपत्र वाचावे तशी वाचावयास घेतली आणि अकराव्या पानावर मला हवे ते सापडले.

‘पुस्तकाची नोंद करण्यासाठी प्रथम गरुड जोडा. त्यानंतर पुढील पायरीकडे जा.’

गरुड हे एका खासगी कंपनीच्या स्कॅनरचे नाव. पुस्तकावर चिकटविलेल्या काळ्या उभ्या रेघा वाचून तो त्यांचा क्रमांक संगणकाला कळवितो. माझे पित्त खवळले. लोकांनी लोकांसाठी विनामूल्य केलेल्या दस्तऐवजात एका त्रयस्थ उत्पादनाचे नाव कोणत्या अधिकाराने घातले, त्याचा मोबदला कोणी व किती घेतला, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत करावा, ‘न केल्यास पुढील कार्यवाही करणे भाग पडेल’, असे पत्र मी पोचपावतीसह रवाना केले. पुढील कार्यवाही म्हणजे काय, हे मलाही नीट ठाऊक नव्हते. परंतु त्या वाक्यावाचून माझे कोणतेही पत्र आजवर संपलेले नाही. पुस्तिकेच्या अखेरीस अनुवादकाचे नाव होते: धोडी, प्राथमिक शिक्षक, तालुका तलासरी.

खुलासा टपालाने आला नाही. रविवारी सकाळी गुरुजीच आले. बेताची उंची, काटक बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने आणि काखेत एक कापडी पिशवी, जिच्यात टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप होता. माझे पत्र त्यांनी चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवले होते.

“भाऊसाहेब, खुलासा लिहायला बसलो, पण पहिल्याच मुद्द्याला अडलो,” ते म्हणाले. “मोबदला कोणी घेतला, असं तुम्ही विचारलंय. कोणीच नाही घेतला. मग तो गरुड त्या ओळीत आला कसा? दोन दिवस विचार केला. तुमचं पत्र आलं नसतं तर मला तो कधी दिसलाच नसता.”

“मग कसा आला?”

“शाळेच्या टेबलावर तोच पडलेला असतो. आम्ही सगळे त्याला गरुडच म्हणतो. ‘स्कॅनर आण’ म्हटलं तर आमचा शिपाई विचारील, तो कोण? मी लिहिताना समोर बघितलं आणि दिसला तो लिहिला.”

आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, “बसा गुरुजी, चहा टाकते. यांच्या पत्राचं उत्तर स्वतःच्या पायांनी चालत आलेलं मी आज पहिल्यांदा बघतेय.”

मी युक्तिवादाची पूर्ण तयारी करून बसलो होतो. पण ज्याने गुन्हा दारातच कबूल केला त्याच्यापुढे वकिली करायची तरी कोणती? तो चहा मला फार कडू लागला, हे आज मान्य करतो.

गुरुजी घरी वारली बोलत, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती. इंग्रजी त्यांनी पंचेचाळिशीनंतर, केवळ या पुस्तिकेसाठी शिकून घेतली होती. दिवसभराची शाळा आटोपली की दिवाबत्तीपर्यंतचा वेळ ते पुस्तिकेला देत. ते गेल्यानंतरच्या शोकसभेत एका वक्त्याने त्यांचा ‘संगणकतज्ज्ञ’ असा उल्लेख केला. मी त्या वक्त्यास दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिले. गुरुजी संगणकतज्ज्ञ मुळीच नव्हते. ते वाट सांगणारे होते. यंत्राच्या पोटात काय चालते याची त्यांना फारशी फिकीर नसे. समोरचा माणूस कोणत्या वळणावर उभा राहून डोके खाजवील, एवढेच ते शोधीत राहत.

त्या पहिल्या भेटीत जाताना ते एवढेच म्हणाले, “कासाजवळ एका पाड्यावर वाचनालय आहे. त्यांनीही हेच सॉफ्टवेअर घेतलंय. तिथून काही खबर नाही. येता का? तुमच्यासारखा चुका काढणारा माणूस सोबत असलेला बरा.”

चारोटीपर्यंत बस आणि पुढे कोंबून भरलेली जीप, असे आम्ही तेथे पोहोचलो. वाचनालय म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली. ते मंजुळाताई नावाच्या एक बाई पाहत. सकाळी अंगणवाडी, दुपारी वाचनालय. खोलीत एक संगणक झाकून ठेवलेला होता आणि भिंतीशी पुस्तकांची चार खोकी दोरीने बांधलेली तशीच पडली होती.

“ताई, नोंदी कुठवर आल्या?” गुरुजींनी विचारले.

“कुठवर येतील? सुरूच नाही झाल्या. आमच्याकडे गरुड नाही ना.”

गुरुजींनी संगणकावरचे कापड काढून तो सुरू केला. मीच विचारले, “म्हणजे?”

मंजुळाताईंनी पुस्तिकेची छापील प्रत काढली. अकरावे पान हाताळून मऊ पडले होते. “हे बघा. ‘प्रथम गरुड जोडा.’ आता पहिलंच नाही, तर पुढचं कुठून करू? पंचायतीत अर्ज दिलाय. म्हणतात, येईल तेव्हा येईल. पोरी रोज खिडकीतून बघतात, ताई खोकी कधी सोडणार? मी म्हणते, गरुड आला की.”

“कधीपासून बंद आहे?”

“दिवाळीच्या आधीपासून.” आम्ही गेलो तेव्हा होळी तोंडावर आली होती.

गुरुजींनी एका खोक्याची दोरी सोडली. वरचे पुस्तक घेऊन त्यावरील रेघांखाली बारीक अक्षरांत छापलेला क्रमांक कीबोर्डवर एकेक आकडा दाबून लिहिला आणि शेवटची कळ दाबली. नोंद झाली. सगळे मिळून अर्धे मिनिटही लागले नसेल.

मंजुळाताई पडद्याकडे पाहत राहिल्या. “एवढंच?”

“एवढंच.”

“मग हे लिहायला काय झालं होतं तुम्हाला?” त्यांचा आवाज चढला. “पाच महिने मी पोरींना खिडकीतून हाकलते आहे! आणि तुम्ही म्हणता एवढंच?”

“काही झालं नव्हतं, ताई. माझ्यापुढे यंत्र होतं. मी धरून चाललो की तुमच्यापुढेही असेल.”

त्या अकराव्या पानावरून लाभ कोणाला झाला, हे मी शोधीत होतो. ते वाचून थांबले कोण, हा प्रश्न माझ्या पत्राच्या सात परिच्छेदांत कोठेही नव्हता.

परतीच्या जीपमध्ये मी कंपनीला नोटीस पाठविण्याचा मसुदा तोंडी सांगू लागलो. गुरुजींनी तो शांतपणे ऐकून घेतला.

“पण भाऊसाहेब, कंपनीनं काय केलं?”

“आयता प्रचार झाला त्यांचा!”

“कुठं झाला? ताईंनी घेतला का गरुड? त्या नुसत्या बसून राहिल्या. नोटीस द्यायची तर मलाच द्या. तुमच्या नोटिशीला मी हजर तरी राहतो.”

त्याच आठवड्यात त्यांनी ती ओळ बदलली. ओपन सोर्सच्या कामात प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी बदलले, काय बदलले, का बदलले. ही नोंद जगात कोणीही वाचू शकतो आणि मागाहून गुपचूप खोडता येत नाही. बदलाचे कारण म्हणून बहुतेक लोक ‘किरकोळ सुधारणा’ असे लिहून मोकळे होतात. गुरुजींनी लिहिले होते: ‘माझ्यापुढे असलेल्या यंत्राचे नाव मी आवश्यक वस्तू म्हणून लिहिले. त्यामुळे एक वाचनालय पाच महिने बंद राहिले. चूक माझी आहे.’ अभिलेख कक्षात मी किती नोंदी हाताळल्या असतील याची गणती नाही. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने, कोणी मागितलेला नसताना, कायमच्या दप्तरात दाखल करणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

आता आमची मैत्री जमली. म्हणजे आम्ही नियमाने भांडू लागलो. पुस्तिकेत त्रयस्थ उत्पादनांचा उल्लेख कसा करावा याचे नियम हवेत, असे मी सुचविले आणि सतरा कलमांचा मसुदाही करून दिला. त्याचे सार एकच: कोणत्याही कंपनीचे, वस्तूचे वा परक्या सॉफ्टवेअरचे नाव कोठेही येता कामा नये. गुरुजी म्हणाले, “करून बघू.” त्यांनी खरोखरच सगळी नावे काढली. मराठी टाइप करण्यासाठी कोणते साधन बसवावे हे आधी नावानिशी दिलेले होते. तेथे माझ्या चौथ्या कलमानुसार ‘देवनागरी लेखनासाठी योग्य ते साधन बसवावे’ असे आले.

पंधरवड्याने गुरुजी मसोलीला आमच्या ओट्यावर बसलेले असताना त्यांचा फोन वाजला. चिंचणीच्या एक ग्रंथपाल बाई बोलत होत्या. गुरुजींनी मुद्दाम आवाज मोठा केला.

“गुरुजी, योग्य ते साधन म्हणजे कोणतं हो?”

“बाई, ज्यांनी ते वाक्य केलं ते इथंच आहेत. त्यांनाच देतो.” आणि त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला.

मी घसा साफ करून सांगितले, “बाई, कोणत्याही विशिष्ट उत्पादनाची भलामण होऊ नये, या हेतूने नाव दिलेले नाही.”

“बरं. पण तुम्हाला ठाऊक आहे ना कोणतं ते?”

“आहे.”

“मग सांगत का नाही? दोन दिवस झाले, माझी सगळी पुस्तकं इंग्रजीत चढताहेत!”

मी नाव सांगितले. गुरुजी तोंड फिरवून हसत होते आणि दाराआडून घरातूनही हसण्याचा आवाज येत होता.

“भाऊसाहेब,” नंतर ते म्हणाले, “आमच्या पाड्यावर कोणी नवा माणूस आला की मी सांगतो, शेवटच्या किराणा दुकानापासून डावीकडे वळ. दुकानाचं नाव घेतल्याशिवाय तो वळणारच नाही. पण दुकानात जाऊन साखर घे, असं मी सांगत नाही. आणि दुकान बंद असलं तरी वळण तिथंच असतं, हेही सांगतो.”

माझ्या सतरा कलमांतून अखेर त्यांनी चार वाक्ये उरविली. वस्तूचे काम आधी सांगा, नाव नंतर. नावावाचून वाचक अडणार असेल तरच नाव द्या, आणि शक्यतो एकाहून अधिक द्या. जे स्वतः वापरून पाहिले तेवढेच लिहा आणि आपला त्या कंपनीशी काही संबंध नाही हे सांगा. चौथे वाक्य त्यांनी पहिले केले: ज्याच्याकडे यांतले काहीच नाही त्याने काय करावे, ते सर्वांत आधी लिहा. त्यानुसार अकरावे पान नव्याने तयार झाले. त्यात चार स्कॅनरांची नावे होती, गरुडही होता, आणि त्या यादीच्या माथ्यावर ठळक अक्षरांत होते: ‘यांपैकी एकही नसले तरी चालते. क्रमांक कीबोर्डवर लिहावा.’

मी या पानास हरकत घेतली नाही. माझ्या आयुष्यात ही घटना दुर्मीळ आहे.

नवीन पान लिहिले की गुरुजी ते पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसापुढे ठेवीत आणि त्यालाच संगणकावर बसवीत. बोट दाखविण्याचा मोह होऊ नये म्हणून स्वतःचे दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसत. पोस्टातले कारकून, रेल्वेचे निवृत्त पॉइंट्समन, आमच्या सौभाग्यवती, सर्वांवर हा प्रयोग झाला. माणूस चुकू लागला की गुरुजींचे खांदे वर चढत, ओठ हलत, पण हात बाहेर येत नसत. तो अडला की ते त्याची क्षमा मागत आणि वाक्य खोडून टाकीत.

त्यांची एकच हाव होती: ती पुस्तिका छापली जावी. “संगणक अडतो तेव्हा पुस्तिकाही त्याच संगणकात अडकलेली असते, भाऊसाहेब. आत पाड्यांवर नेटवर्क नाही, वीज जाते. कागद हवा.” डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक वाचनालयाला आणि शाळेला एक प्रत द्यावी, हे ते प्रत्येक भेटीत बोलून दाखवीत. पैशाची सोय कोठेच होत नव्हती.

अशा वेळी कीर्तिभाई आले. उंबरगावकडचे संगणकविक्रेते, गोड बोलणारे, मनाने वाईट नसलेले गृहस्थ. गरुडची विक्री या भागात तेच करीत. गुरुजींच्या शाळेत चिकूची पेटी घेऊन ते आले, तेव्हा योगायोगाने मीही तेथे होतो.

“गुरुजी, छपाई माझ्यावर सोडा. रंगीत मुखपृष्ठ, जाड कागद. जेवढ्या शाळा म्हणाल तेवढ्या प्रती. मला काय पाहिजे? जुनी ओळ होती ना, ‘प्रथम गरुड जोडा’, ती तेवढी परत घाला. एक ओळ, बस.”

मी उठून उभाच राहिलो. “ही उघड उघड लाच आहे!”

“अरे साहेब, तुम्ही बसा तर खरे,” कीर्तिभाई म्हणाले. “मी पुस्तक फुकट वाटतोय आणि मीच चोर?”

गुरुजी तत्काळ नकार देतील अशी माझी खात्री होती. त्यांनी दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत मी त्यांच्यावर जितका रागावलो तितका कोणत्याच खात्यावर रागावलो नाही.

तिसऱ्या दिवशी ते मसोलीस आले. चेहरा ओढलेला होता. “भाऊसाहेब, कीर्तिभाई म्हणतात ते कायद्यात बसतं का?”

येथे माझी परीक्षा झाली. मी पुस्तिकेसोबतच्या लेखी परवान्याचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचलेला होता. कोणीही पुस्तिका घ्यावी, बदलावी, छापावी, विकावी. अट एवढीच की बदल केल्याचे नमूद करावे. कीर्तिभाईंना खरे तर गुरुजींच्या होकाराचीही गरज नव्हती. खोटे सांगण्याची इच्छा मला आयुष्यात क्वचितच इतक्या जोराने झाली असेल.

“बसते,” मी म्हणालो. “पूर्णपणे बसते.”

“मग अवघड झालं,” गुरुजी म्हणाले. “बसत नसतं तर तुमचं नाव सांगून सुटलो असतो.”

बराच वेळ ते लॅपटॉपवरचा टॉवेल उलगडीत आणि पुन्हा गुंडाळीत बसले. मग म्हणाले, “इतक्या शाळांना पुस्तक मिळेल. आणि त्यांतली एखादी मंजुळाताई अकराव्या पानाशी बसून राहील. मला कळणारही नाही कुठल्या पाड्यावर.”

त्यांनी कीर्तिभाईंना माझ्यासमोरच फोन लावला. छपाई अवश्य करा, मागच्या पानावर देणगीदार म्हणून तुमचे नाव मोठ्या अक्षरांत घाला, गरुडही यादीत आहेच; पण यादीवरची ओळ राहील, असे सांगितले.

पलीकडून कीर्तिभाई मोठ्याने हसले. “म्हणजे माझ्याच पैशानं माझ्याच दुकानावर पाटी लावायची, इथं नाही आलात तरी चालेल?”

“हो,” गुरुजी म्हणाले. “तेवढंच.”

पुस्तिका छापली गेली नाही. कीर्तिभाईंनीही आपल्या हक्काने ती परस्पर छापली नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. गुरुजींनी मग मोठ्या कागदांवर मार्करने हाताने पाने लिहावयास घेतली. एका वाचनालयासाठी चौदा कागद. सुट्टीच्या दिवशी ते स्वतः जाऊन ते दोरीवर, कपडे वाळत घालावे तसे, चिमट्यांनी टांगून येत. मी त्यांना कागद कापून देत असे. निवृत्तीपर्यंत किती ठिकाणी पोहोचले ते त्यांनी मोजले नाही आणि मलाही मोजू दिले नाही. सगळीकडे पोहोचता आले नाही, एवढे मात्र खरे.

२०१९ च्या उन्हाळ्यात, त्यांच्या निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांनी, आम्ही पुन्हा कासाकडे गेलो. खोलीत आता मांडण्या होत्या. दोन मुली खाली बसून वाचीत होत्या आणि मंजुळाताई मान न उचलता सफाईने आकडे दाबीत होत्या. दोरीवरचे गुरुजींचे कागद पिवळसर पडले होते. त्यांतल्या बाराव्या कागदापुढे गुरुजी थबकले. पुस्तकाच्या पाठीवर लावायच्या क्रमांकपट्ट्या कोणत्या सॉफ्टवेअरवर छापाव्यात, ते त्यावर नावानिशी लिहिलेले होते. खाली निळ्या बॉलपेनने कोणीतरी चार ओळी वाढविल्या होत्या.

“ताई, हे कोणी लिहिलं?”

मंजुळाताई ओशाळल्या. “मीच लिहिलं. प्रिंटर कुठाय आमच्याकडे? तुमच्यासारखंच लिहिलं, नसलं तर काय करायचं ते. शेजारच्या पाड्यावरच्या बाई शिकायला येतात, त्या इथंच अडायच्या. चुकलं का?”

गुरुजींनी ते मोठ्याने वाचले. “‘प्रिंटर नसला तरी चालते. जुन्या वहीचा कागद बोटभर कापावा. क्रमांक हाताने लिहावा, खळीने चिकटवावा, वर मेण घासावे म्हणजे पावसात पुसत नाही. मी तीन वर्षे असेच करते.’” मग ते म्हणाले, “मेणाचं मला ठाऊक नव्हतं. हे पुस्तिकेत घालू? तुमच्या नावानं जाईल. सगळ्या जगाला दिसेल.”

“माझ्या नावानं? आणि चुकीचं निघालं तर?”

“तर कोणी तरी येऊन भांडेल. मला भाऊसाहेब भेटले तसे तुम्हालाही कोणी भेटेल.”

“नको बाई,” मंजुळाताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, आणि दोरीचा चिमटा काढून त्यांनी तो कागद गुरुजींच्या हाती दिला.

मला पंचायतीकडे विजेच्या जोडणीबद्दल एक निवेदन द्यायचे होते म्हणून मी मागे थांबलो. गुरुजी चारोटीच्या जीपमध्ये अगदी मागच्या फळीवर बसले. मी हात वर केला. त्यांनी पाहिले नाही. वाऱ्याने फडफडणारा तो मोठा कागद त्यांनी दोन्ही हातांनी गुडघ्यांवर ताणून धरला होता आणि ओठ हलवीत ते त्या चार ओळी पुन्हा वाचीत होते. शेजारच्या माणसाने काहीतरी विचारले असावे, कारण गुरुजींनी कागद त्याच्याकडे वळविला, आणि जीप वळणाआड जाईपर्यंत तो माणूस आणि गुरुजी, दोघेही खाली मान घालून वाचीत होते.